गणवेशाची मर्यादा

जुन्या जीपचा गंज काढून, तिला मूळचा रंग देऊन पुन्हा रस्त्यावर आणणे, याला आपण इतिहासाचे जतन म्हणतो. ६ जून १९४४ च्या स्मरणार्थ नॉर्मंडीत अशा गाड्या जमतात. मात्र चालकाने सैनिकी गणवेश चढवला की प्रश्न बदलतो. ब्रिटनच्या १८९४ च्या गणवेश कायद्याने अनधिकृत व्यक्तीला लष्करी गणवेशाची मनाई केली; नाटक, सर्कस व प्रामाणिक सैनिकी देखावे यांना सूट दिली, पण गणवेशाची अप्रतिष्ठा हाही गुन्हा ठरवला. तेथे दिवंगत आप्ताची पदके छातीवर उजवीकडे लावतात; डावी बाजू पदक मिळवणाऱ्याची. हा संकेत आम्हांला कायद्याहून बोलका वाटतो. गाडी पुन्हा चालती करता येते; ती चालवणाऱ्या सैनिकाची मात्र आठवणच ठेवता येते, जागा घेता येत नाही.