टाकीवर दबलेले तीन आकडे

अब्बांच्या राजदूतची नोंदणी नव्याने करून घ्यायची म्हणून आरसी बुक बाहेर काढले, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. रंगाच्या रकान्यात ‘ब्लॅक’ लिहिले आहे. जिन्याखाली उभी असलेली गाडी मात्र मरून आहे. मला आठवते तेव्हापासून ती मरूनच आहे. आरटीओची कामे माहीत असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थाने सांगितले, की रंग बदलला तर त्याची नोंद आरसीत करून घ्यावी लागते, नाहीतर तपासणीत अडवतात. तुमच्या वडिलांनी ती केलेली दिसत नाही. सोपे काम म्हणजे गाडी पुन्हा काळी करा.

गॅरेजवाल्याने सात हजार सांगितले. गाडीला भंगारात कोणी तेवढे देणार नाही. मग मी काळ्या रंगाचे चार स्प्रे कॅन, दोन प्रायमरचे, दोन क्लिअर कोटचे, आणि डझनभर वॉटर पेपर घेऊन आलो. उन्हाळ्याची सुट्टी होती, गच्ची मोकळी होती.

पहिले काम टाकी उतरवण्याचे. राजदूत टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. अकरा वर्षे उभी राहिल्यावर टाकीच्या तळाशी त्याचा चिकट गाळ झाला होता. तो काढून, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची, हे लहानपणी गॅरेजमध्ये ऐकलेले वाक्य डोक्यात पक्के होते. मग झाकण आणि कॉकची जागा टेपने बंद केली आणि 220 नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घासायला बसलो. कोरडे घासू नये. जुन्या रंगांत शिसे असायचे, त्याची धूळ श्वासात जाते.

टाकीच्या डाव्या बाजूला मरून रंग विरळ झाला आणि खालून हिरवे काहीतरी दिसू लागले. आधी वाटले, जुना डाग असेल. पण तो डाग सरळ रेषेत चालला होता, मग वळला. हाताने लिहिलेली अक्षरे भोवतालच्या रंगापेक्षा केसभर वर उचललेली असतात. वरून कितीही रंग मारला तरी तो उंचवटा राहतो, आणि घासताना पेपर आधी त्यालाच लागतो. त्यामुळे सगळीकडे अजून मरून असताना फक्त अक्षरे उघडी पडतात. पंधरा मिनिटांत माझ्यासमोर पांढऱ्या किनारीतले तीन हिरवे आकडे होते. 786.

मी ते याआधी कधी पाहिले नव्हते. किंवा पाहिले असतील आणि विसरलो असेन.

मुस्लिम नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते, त्या पद्धतीला अबजद म्हणतात. अलिफ म्हणजे 1, बे म्हणजे 2, जीम 3, दाल 4. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या शब्दांतल्या अक्षरांची बेरीज अशी होते : बिस्म 102, अल्लाह 66, अर्-रहमान 329, अर्-रहीम 289. एकूण 786. अल्लाहचे नाव कागदावर लिहिले आणि तो कागद पायदळी आला तर बेअदबी होईल, म्हणून पत्राच्या माथ्यावर, हिशेबाच्या वहीवर नावाऐवजी हा आकडा लिहायची रीत पडली. ही रीत भारतीय उपखंडातली, अरबांना तिचे फारसे माहीत नाही. आपल्याकडच्याही अनेक उलेमांना ती मान्य नाही. त्यांचे म्हणणे, बिस्मिल्लाह म्हणायचे असेल तर सरळ म्हणा, आकडे कशाला? तो वाद इथे नको.

मला त्या आकड्याच्या दुसऱ्या आयुष्याबद्दल बोलायचे आहे. 1975 साली ‘दीवार’ आला. त्यात गोदीत हमाली करणाऱ्या विजयच्या बिल्ल्याचा नंबर 786 असतो. त्याचा अर्थ त्याला सोबतचे रहीमचाचा सांगतात, आणि मंदिराची पायरी न चढणारा विजय तो बिल्ला जिवापाड जपतो. 1983 साली ‘कुली’ आला, त्यात इक्बालच्या दंडावर पुन्हा तोच नंबर. शूटिंगमध्ये अमिताभ मरणाच्या दारातून परत आल्यामुळे त्या बिल्ल्याची महती आणखी वाढली. शेवटी 786 असलेली नोट पाकिटात जपून ठेवणारे त्या काळात मुसलमानांपेक्षा इतरच जास्त असावेत, असा माझा अंदाज आहे. आमच्या शेजारच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात अशी नोट होती. दुकानदार वारकरी होते, दुकानात विठोबाची तसबीर होती. दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नव्हते.

अब्बांनी राजदूत घेतली ती 1984 साली, सेकंडहँड. तेव्हा नवी गाडी पैसे असूनही मिळत नसे. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. राजदूत त्या मानाने हाताशी होती. फरीदाबादला एस्कॉर्ट्स ती बनवायची, मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल कंपनीचे, 175 सीसी. ‘बॉबी’त ऋषी कपूरने चालवलेली छोटी राजदूत वेगळी. ही दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची आणि झेडपीच्या मास्तरांची राजदूत. अब्बांची शाळा चौदा किलोमीटरवर होती.

आकडे कोणी लिहिले ते अम्मीला पक्के आठवते. एसटी स्टँडमागच्या पेंटरचाचांनी. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दुसरा पेंटर नव्हताच. ट्रकच्या मागे ‘आई तुळजाभवानीचा आशीर्वाद’ त्यांनीच लिहायचे, दुकानावर ‘शुभ लाभ’ त्यांनीच, आणि 786ही त्यांनीच. ब्रश तोच. टाकीवरचा सात मी नीट पाहिला, त्याच्या शेपटीला त्यांच्या ‘शुभ’मधल्या उकाराचाच झोक आहे. आपल्या गावांतले डेंटर, पेंटर, वेल्डर, कुशनवाले यांत आपली माणसे किती, हे सांगायला नको. पण त्यांच्या कामाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. घराण्यांचे, दर्ग्यांचे, लढायांचे लिहिले जाते. कॉम्प्रेसरवाल्याचे कोण लिहिणार?

चाचांच्या पत्र्याच्या शेडवर ‘ड्युको पेंटिंग’ अशी पाटी होती. लहानपणी मला वाटायचे ड्युको हे कुणाचे नाव असेल. ते एका अमेरिकी रंगाचे नाव निघाले. मोटारी पूर्वी वार्निशने रंगवत, आणि थरावर थर वाळायला आठवडे जात. फोर्डने 1914 पासून दहाएक वर्षे आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. पहिल्या महायुद्धानंतर ड्युपाँ या बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज बनवण्याचे मोठे कारखाने पडून होते. कापसापासून होणारा हा पदार्थ, स्फोटकांच्याच घराण्यातला. त्याच जातीचे नायट्रोसेल्युलोज थिनरमध्ये विरघळवून त्यांनी असा रंग केला, जो तासांत वाळे आणि गनने फवारता येई. 1924च्या मॉडेलची ओकलँड मोटार त्या रंगात निळी होऊन रस्त्यावर आली. कंपनीचे ते नाव तिकडे लोक विसरले असतील, आपल्याकडे गॅरेजच्या आणि फर्निचरवाल्यांच्या पाट्यांवर ते अजून जिवंत आहे.

फवारणीची गनही मूळची रंगाची नव्हे. टोलेडो शहरातल्या डीव्हिलबिस नावाच्या घशाच्या डॉक्टरने औषध फवारायला नळी बनवली, त्याच्या मुलाने पुढे तीच युक्ती रंगाला लावली. तीच युक्ती अत्तराच्या बाटलीलाही लागली.

तर, टाकीवरचे थर मोजले तर वरून असे होते : मरून, त्याखाली जिथे खड्डा तिथे लांबी, मग आकडे, मग काळा, मग लाल ऑक्साईडचा प्रायमर, मग पत्रा. काळा कंपनीचा, आकडे 1984चे. मरून कधीचा?

अम्मीला विचारले. ती म्हणाली, “बंबई के बाद. ईद के पहले.”

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या गावात 6 डिसेंबरनंतर दगडसुद्धा पडला नाही, हे मी कॉलेजात असताना मित्रांना अभिमानाने सांगायचो. ते खरेही आहे. मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये काय झाले, ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. 900 मृत्यू, त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू. मामूंचे कुटुंब एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आले आणि चार महिने राहिले. मग 12 मार्चला बॉम्बस्फोट झाले, 257 माणसे गेली. तेव्हा रमजान चालू होता. त्यानंतर मुसलमान मास्तराने चौदा किलोमीटरच्या रस्त्यावर, चार गावांच्या पारांसमोरून, टाकीवर हिरवा आकडा घेऊन रोज जायचे होते.

कोणी काही बोलले होते का? अम्मी म्हणाली, नाही. मग जरा थांबून म्हणाली, “तेरे अब्बा बोले, रास्ता लंबा है, नंबर दूर से दिखता है.”

त्या ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे आले आणि गाडीलाही नवा रंग आला, एवढेच मला आठवत होते. गाडीचीपण ईद, असे आम्ही म्हणत होतो. आरसीत रंग बदलल्याची नोंद अब्बांनी का केली नाही, हे आता विचारता येत नाही. कागदपत्रांच्या बाबतीत ते काटेकोर होते. अर्जात रंग बदलण्याचे कारण लिहावे लागेल असे त्यांना वाटले असेल का, हा माझा नुसता तर्क आहे.

त्या वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले. मेलेल्यांचे आकडे आहेत, जळालेल्या दुकानांचे आहेत. पण ज्या गावांत काहीच झाले नाही, तिथे किती टाक्या, किती रिक्षा, किती दारे एका आठवड्यात पुन्हा रंगवली गेली, ते कोण मोजणार? ‘दीवार’ ते ‘कुली’ या काळात सगळ्यांचा असलेला आकडा दहा वर्षांत फक्त आमचा झाला, आणि मग आमच्याही गाडीवरून गेला. पेंटरचाचांनी स्वतः लिहिलेले स्वतःच झाकले. आकडे घासून सपाट करायला दहा मिनिटे लागली असती. त्यांच्यासारखा कारागीर ते विसरला असेल, हे मला पटत नाही. पण सणाच्या आधीची गर्दी असेल, हेही शक्य आहे.

मी दोन दिवस टाकीला हात लावला नाही. आकडे तसेच ठेवून भोवती काळा मारावा, असेही मनात आले. पण सहाच्या पोटात गंज होता, बोटाने दाबल्यावर रंगाची खपली निघाली. गंज ठेवून वरून रंग मारला तर तो वर्षभरात फुगतो. शेवटी बटर पेपर लावून आकड्यांची आउटलाइन काढून घेतली, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, आणि घासले.

पुढचे काम सगळे स्प्रे कॅनचे. हा डबाही युद्धातूनच आला आहे. नॉर्वेच्या एरिक रोथाइमने 1927 साली त्याची कल्पना मांडली, पण तो खपला दुसऱ्या महायुद्धात. मलेरियाच्या डासांपासून सैनिकांना वाचवायला अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गुडह्यू आणि सलिव्हन यांनी कीटकनाशकाचे जड पोलादी डबे बनवले. त्यात रंग भरला तो एडवर्ड सेमूरने, 1949 साली, इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावात. त्याला रेडिएटरचा अ‍ॅल्युमिनियम रंग ग्राहकांना दाखवायचा होता, डब्याची कल्पना त्याच्या बायकोची. आत ढकलणारा वायू तेव्हा सीएफसी असे, त्याने ओझोनचा थर विरतो हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवले. आता बहुतेक डब्यांत एलपीजीच्या जातीचा वायू असतो, म्हणून रंगवताना जवळ बिडीसुद्धा नको.

हाताने करायचे असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. डबा दोन-तीन मिनिटे हलवा, आतली गोळी मोकळी खुळखुळली पाहिजे. आठ-दहा इंचांवरून, हात न थांबवता मारा. फवारा टाकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पातळ चार हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. एका हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रंग दुधाळतो. चेसिस नंबरवर टेप लावा, तो झाकला गेला तर आरटीओत वेगळीच भानगड.

माझी चूक शेवटी झाली. साध्या कॅनमधला क्लिअर कोट पेट्रोलला टिकत नाही. हार्डनरवाला टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, योग्य मास्क पाहिजे, म्हणून मी तो टाळला होता. पहिल्यांदा पेट्रोल भरताना झाकणाशी थोडे सांडले आणि डाव्या बाजूचा रंग आकडे होते तिथपर्यंत सुरकुतला.

पेंटरचाचा आता नाहीत. त्यांचा नातू त्याच शेडमध्ये बसतो, पाटी बदलली आहे. टाकी त्याच्याकडे दिली. तो म्हणाला, पुन्हा पत्र्यापर्यंत काढावे लागेल. बटर पेपर मी सोबत नेला होता. त्याने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आजोबांचा हात त्याला ओळखू आला. “लिखना है क्या?” त्याने विचारले. अम्मीला विचारून सांगतो म्हणालो. आरटीओची तारीख पुढच्या महिन्यात आहे.