रंगव्यवस्थापन (छपाईतील)

कॅमेरा, स्कॅनर, संगणकाचा पडदा, प्रूफर (छपाईआधीचा नमुना, म्हणजे प्रूफ, काढणारे यंत्र) आणि छपाईयंत्र या सगळ्यांतून जाताना रंग शक्य तितका एकसारखा राहावा, यासाठीची मोजणीची व रूपांतराची पद्धत. फाइलीत रंग नसतो, आकडे असतात. ते कोणत्या उपकरणाचे आणि कोणत्या कागदाचे, हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. १०० टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के पिवळा हे मिश्रण आर्ट पेपरवर झळाळता लाल देते. न्यूजप्रिंट शाई पिऊन टाकतो, त्याचा पांढराही करडट असतो. म्हणून तेच मिश्रण तिथे मळकट दिसते.

उपकरणावर अवलंबून नसलेली रंगमोजणी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली सिद्ध केली. भारतीय राष्ट्रध्वजाच्या ‘आयएस १’ या मानकातही केशरी आणि हिरवा रंग नुसत्या नावावर न सोडता याच पद्धतीच्या निर्देशांकांनी ठरवून दिले आहेत. १९७६ साली आलेली ‘लॅब’ ही मापनपद्धती छपाईला अधिक सोयीची ठरली, कारण दोन रंगांमधला डोळ्यांना जाणवणारा फरक तिच्यात ‘डेल्टा ई’ या एका आकड्यात सांगता येतो.

डेस्कटॉप पब्लिशिंगपूर्वी स्कॅनिंगपासून प्लेटपर्यंतची कामे बहुधा एकाच छताखाली होत आणि अनुभवी ऑपरेटर आपल्या यंत्राला साजेसे आकडे काढत असे. पुढे फाइल कुठूनही येऊन कुठेही छापली जाऊ लागली. पाच प्रकारची आदाने आणि आठ यंत्रे यांची थेट जुळणी करायची, तर ४० रूपांतरे लागतात. प्रत्येकाने एका सामाईक भाषेत बोलायचे ठरवले, तर १३ वर्णने पुरतात. हाच विचार घेऊन अ‍ॅपल, अडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी १९९३ साली आंतरराष्ट्रीय रंग संघ, म्हणजे आयसीसी, स्थापन केला.

हे वर्णन म्हणजे प्रोफाइल. यंत्र आधी ठरावीक स्थितीत आणतात, मग त्यावर चाचणीतक्ता छापतात. बराच वापरला जाणारा ‘आयटी ८.७/४’ हा तक्ता १,६१७ चौकोनांचा आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येक चौकोन मोजला, की शाईचे कोणते प्रमाण प्रत्यक्षात कोणता रंग देते याची नोंदवही तयार होते. रूपांतर करताना मूळ आकडे एका प्रोफाइलने ‘लॅब’ किंवा ‘एक्सवायझेड’ (१९३१ ची मोजणी) या सामाईक भाषेत येतात आणि दुसऱ्या प्रोफाइलने छपाईयंत्राच्या आकड्यांत जातात.

पडद्यावरचा गडद, तेजस्वी निळा चार शायांत मिळतच नाही. अशा आवाक्याबाहेरच्या रंगांचे काय करायचे, याचे चार मार्ग प्रोफाइलमध्ये असतात. ‘पर्सेप्च्युअल’ सगळी रंगसंगती प्रमाणात आकसते, ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ बसणारे रंग जवळपास तसेच ठेवून बाहेरचे तेवढे कडेला आणते, ‘सॅच्युरेशन’ भडकपणा राखते आणि ‘अ‍ॅब्सोल्युट कलरिमेट्रिक’ कागदाचा रंगही उतरवते. शेवटचा मार्ग मुख्यतः प्रूफसाठी वापरतात.

काळ्या मजकुराला मात्र वेगळी काळजी लागते. पडद्याच्या लाल-हिरवा-निळा (आरजीबी) पद्धतीतला काळा आंधळेपणाने बदलला, तर तो चारही शायांत विभागला जातो. मग शायांची एकमेकींवरची जुळणी (रजिस्ट्रेशन) किंचित हलली, तरी शिरोरेषेला आणि बारीक मात्रांना रंगीत कड येते. म्हणून मजकूर एकट्या काळ्या शाईतच ठेवतात. एकूण शाईलाही मर्यादा असते : आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आसपास, वर्तमानपत्रात साधारण २४०. त्यापुढे शाई वाळत नाही आणि मागच्या पानावर डाग उमटतात.

प्रूफ आणि छापील कागद शेजारी ठेवून पाहायचे ते ठरलेल्या उजेडात. आयएसओ ३६६४ या मानकाने त्यासाठी डी-५० हा ५,००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश सांगितला आहे. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन नमुने खिडकीशी वेगळे दिसू शकतात. ऑफसेटसाठीच्या आयएसओ १२६४७-२ नुसार मंजूर प्रूफपासून मूळ शायांचा फरक डेल्टा ई ५ च्या आत असावा लागतो. तो राखण्यासाठी छपाईच्या कागदाच्या कडेला रंगपट्टी छापतात आणि मशीनमन ती पुन:पुन्हा मोजून शाई कमी-जास्त करतो. कटिंगमध्ये ही पट्टी कापली जाते.