ध्वनीचीं पुडकीं

इ. स. १८८२ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें टेलिफोनचीं पहिलीं केंद्रें उघडलीं. तेव्हांपासून शंभरांवर वर्षें आपल्याकडे टेलिफोनवर बोलणें याचा अर्थ एकच होता : बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एक अखंड वाट बांधून द्यावयाची, व संभाषण संपेपर्यंत तिजवर दुसऱ्या कोणाचें पाऊल पडूं द्यावयाचें नाहीं. दोघें बोलत असोत वा मुकाट्यानें उसासे टाकीत असोत, वाटेचें भाडें सारखेंच. परदेशीं गेलेल्या मुलाशीं महिन्यांतून एकदां तीन मिनिटें बोलावयाचें, आणि त्यांतलें एक मिनिट "ऐकूं येतें का?" एवढ्यांतच जावयाचें, हा अनुभव ज्यांच्या घरांत आहे त्यांस या भाड्याचें ओझें वेगळें सांगावयास नको. इंटरनेटवरून होणारें बोलणें म्हणजे त्या अखंड वाटेची गच्छंती होय. ती कशी झाली व आपल्या देशांत तिला इतका विलंब कां लागला, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, इंटरनेट मुळांत मजकुरासाठीं निर्माण झालें आणि बोलणें त्यास मागाहून चिकटविण्यांत आलें. वस्तुस्थिति निराळी आहे. संदेशाचे लहान लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणें पाठवावे, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डॉनल्ड डेव्हिस या दोघांस, एकमेकांची वार्ता नसतां, सुचली. डेव्हिस यांनीं त्या तुकड्यांस 'पॅकेट' म्हटलें. आम्ही पुडकें म्हणूं. मुंबईहून मनमाडास एक पोथी पाठवावयाची आहे असें समजा. तिचें एकेक सुटें पान निराळ्या पाकिटांत घालून, वर पत्ता व पानाचा आंकडा लिहून टपालांत टाकलें. कांहीं पानें कल्याण-इगतपुरीवरून गेलीं, कांहीं पुणें-दौंडावरून गेलीं. मनमाडास आंकड्याप्रमाणें लावून घेतलीं कीं पोथी पुरी. त्याच थैल्यांतून इतरांचींहि पाकिटें जात असतात. कोणा एकासाठीं गाडी राखून ठेवावी लागत नाहीं. स्वस्ताईचें सारें रहस्य यांत आहे.

परंतु आवाज पाकिटांत घालावयाचा कसा? त्याचे आंकडे करण्याची युक्ति अलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनियरानें पॅरिस येथें १९३७ च्या सुमारास शोधून काढली होती. टेलिफोनसाठीं आवाजाचें माप दर सेकंदास ८,००० वेळां घेतात व प्रत्येक माप ८ अंकचिन्हांत लिहितात. म्हणजे सेकंदास ६४,००० चिन्हें झालीं. आतां १९६९ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'अर्पानेट' या जाळ्याच्या तारांची शक्ति सेकंदास सुमारें ५०,००० चिन्हांची होती. हत्तीला घोड्याच्या तबेल्यांत बांधण्यासारखाच हा प्रकार.

येथें एका भारतीयाचें नांव घेणें प्राप्त आहे. लखनौ व बंगळूर येथें शिकून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेलेले बिष्णु अटल यांनीं, व त्यांच्याशीं संबंध नसतां जपानांत फुमितादा इताकुरा यांनीं, निराळाच मार्ग काढला. आवाज न पाठवितां तो आवाज काढणाऱ्या कंठाची व मुखाची त्या क्षणाची अवस्था तेवढी थोड्या आंकड्यांत कळवावयाची, आणि पलीकडच्या यंत्रानें त्यावरून आवाज नव्यानें घडवावयाचा. आमच्या शिक्षाग्रंथांनीं वर्णांचें वर्णन स्थान व प्रयत्न यांवरून केलें, त्याची येथें आठवण होते. यावरून प्राचीनांस टेलिफोन ठाऊक होता असें सिद्ध करणारे लेखक निघतील. त्यांत आमची गणना न व्हावी.

१९७४ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील एक संशोधनसंस्था व मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्यें अर्पानेटवरून प्रत्यक्ष संभाषण झालें. ज्या नियमांनीं तें चाललें ते डॅनी कोहेन या शास्त्रज्ञानें बांधून दिले होते. आणि याच प्रयोगांतून एक मोठा वाद उभा राहिला. पोथीचें पान गहाळ झालें तर तें पुन्हां मागवावें व तोंपर्यंत पुढचीं पानें बाजूस ठेवावीं, हें योग्यच. कारण पोथीला उशीर चालतो, उणीव चालत नाहीं. बोलण्याची गोष्ट बरोबर उलट. कीर्तनांत बुवांचा एकादा शब्द मृदंगाच्या थापेखालीं दडपला गेला तर श्रोता तो मनानेंच भरून काढतो. परंतु त्या शब्दासाठीं बुवा दरवेळीं मागें फिरूं लागले तर अभंगाचा ताल राहील काय? जाळ्याचा तत्कालीन नियम 'टी. सी. पी.' हा मात्र सर्वांस पोथीच समजून चाले. कोहेन व त्यांच्या मतानुयायांनीं आग्रह धरला, आणि १९७८ सालीं त्या नियमाचे दोन भाग करण्यांत आले : पुडकें नुसतें पोंचवूं पाहणारा 'आय. पी.' वेगळा, आणि हरवलेलें पुन्हां मागविणारा 'टी. सी. पी.' वेगळा. ज्यांस पुन्हां मागविणें नको त्यांच्यासाठीं १९८० सालीं 'यू. डी. पी.' हा तिसरा, अगदीं साधा नियम झाला. तात्पर्य, आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतों त्याची घडणच मुळीं बोलण्याच्या गरजेनें बदलली आहे.

पुढील वीस वर्षांचा इतिहास आटोपता घेतां येईल. १९९५ च्या फेब्रुवारींत इस्राएलांतील व्होकलटेक कंपनीनें घरच्या संगणकावरून बोलण्याची सोय बाजारांत आणली; आरंभीं तींत एकानें बोलावें व दुसऱ्यानें थांबावें असा प्रकार होता. १९९९ सालीं घंटा वाजविणें, उचलणें व ठेवणें यांचे 'सिप' नांवाचे नियम प्रसिद्ध झाले. २००३ च्या ऑगस्टांत स्काईप आलें; तें उभारणारे दोघे स्वीडन व डेन्मार्कचे होते, तरी त्याची यंत्ररचना एस्टोनियांतील तरुणांनीं केली. २०२५ च्या मे महिन्यांत तें बंदहि झालें.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें महत्त्वाची घटना वेगळीच. कान्सास शहरांतील स्ट्राउजर या प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या गृहस्थास संशय आला कीं टेलिफोनवरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते. त्या चिडीतून त्यानें बाईवांचून चालणारें केंद्र शोधलें व १८९१ सालीं त्याचें पेटंट घेतलें, अशी कथा सांगतात. १९९९ सालीं अमेरिकेंतच मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या नव्या कंपनीसाठीं कचेरींतील टेलिफोन-केंद्र विकत घेणें परवडेना; त्यानें साध्या संगणकावर चालणारें केंद्र स्वतः लिहिलें, त्यास ॲस्टेरिस्क नांव दिलें व तें सर्वांस मोफत खुलें केलें. कपाटाएवढें यंत्र, त्याचा ठेका व प्रत्येक टेबलापर्यंत वेगळी तार हा लहान पेढीचा खर्च तेव्हांपासून टळूं लागला.

आणि आपण? १९९५ च्या १५ ऑगस्टास विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वांस खुलें केलें. परंतु त्यावरून टेलिफोनप्रमाणें बोलणें मना होतें. १९९९ च्या दूरसंचार-धोरणानें तर तूर्त परवानगी नाहीं असें स्पष्ट शब्दांतच लिहिलें. सरकारची बाजू अगदींच पोकळ नव्हती. दूरच्या व परदेशच्या बोलण्यावर मिळणाऱ्या नफ्यांतून गांवोगांवचा टेलिफोन स्वस्त ठेवला जाई. परंतु हा कर भरीत होतें कोण? पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर, रात्रीं दर उतरण्याची वाट पाहत उभे असणारे आईबापच ना? ज्यांची मुलें आखातांत मजुरीस गेलीं होतीं, तेहि त्याच रांगेंत. गरिबांच्या नांवानें घेतलेल्या पैशाचा पुष्कळसा भार गरिबांवरच होता, असें आम्हांस वाटतें. २००२ च्या १ एप्रिलास ही मनाई उठली, तीहि अर्धीच. संगणकावरून संगणकाशीं व परदेशच्या टेलिफोनशीं बोलावें. देशांतील टेलिफोनशीं मात्र नाहीं! ही भिंत २०१८ पर्यंत उभी होती. तोंपर्यंत २०१५ पासून व्हॉट्सॲपवर बोलणें सुरू झालेलें, आणि २०१६ च्या सप्टेंबरांत आलेल्या जिओच्या जाळ्यावर तर साधें बोलणेंहि पुडक्यांतूनच जाऊं लागलेलें. भिंत पडली तेव्हां लोक केव्हांच कुंपणावरून पलीकडे गेले होते.

घरीं ही सोय घेणाऱ्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. बोलण्यास लागणारी शक्ति फारशी नाहीं. दर सेकंदास ५० पुडकीं, प्रत्येकांत १६० अक्षरांएवढा माल व ४० अक्षरांचा पत्ता, म्हणजे सुमारें ८०,००० चिन्हें. आवाज तुटतो तो बहुधा शक्ति अपुरी म्हणून नव्हे, तर पुडकीं अनियमितपणें येतात म्हणून. एका बाजूस १५० सहस्रांश सेकंदाहून अधिक विलंब झाला कीं दोघेंहि एकदम बोलूं लागतात.

दुसरी गोष्ट आमच्या मावशींनीं आम्हांस शिकविली. त्यांची तांब्याची तार काढून कंपनीनें कांचतंतूची डबी बसविली. जुन्या तारेंत टेलिफोनपुरती वीज केंद्रावरील बॅटऱ्यांतूनच येत असे. घरांत अंधार झाला तरी टेलिफोन जिवंत राही. पहिल्याच वळवाच्या पावसांत वीज गेली, आणि मावशी डॉक्टरांस बोलावूं लागल्या तों कानाशीं कांहींच नाहीं. कारकुनानें हें आधीं सांगितलें नव्हतें. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं डबीशेजारीं एक लहान बॅटरी बसवून घेतली. आतां वीज गेली कीं त्या प्रथम टेलिफोन उचलून पाहतात व मग मेणबत्ती शोधतात.