पाते आणि खांदा

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या दिवशी माझ्या भाच्याचा अमेरिकेतून निरोप आला. तो मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या बाहेर राहतो. निरोपासोबत दोन छायाचित्रे होती. दोन्हींत एकेक लांबलचक, किंचित वाकविलेले लोखंडी पाते. खाली त्याने लिहिले होते, "मामा, बर्फ लोटायला माझ्या गाडीला पाते लावायचे आहे. एक साठ इंची आहे, दुसरे बहात्तर इंची. किमतीत फारसा फरक नाही. मोठेच घेऊ ना?"

चंद्रपूरचा मनुष्य उन्हाच्या गोष्टी हव्या तितक्या सांगेल. बर्फाचे त्याला काय कळणार! मी हसून फोन बाजूला ठेवणार होतो. पण "मोठेच घेऊ ना?" हे शब्द पुन्हा वाचले आणि आमच्या गोठ्याच्या दारावर खुंटीला टांगलेली एक पास मला आठवली. हाच प्रश्न त्या दारात पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर आमच्या घराला महाग पडले होते.

भाच्याची गाडी म्हणजे तिकडे जिला एटीव्ही म्हणतात ती. मोटारसायकलीसारखी मूठ, घोड्यावर मांड टाकावी तशी बैठक, आणि चार जाडजूड, कमी हवेची रबरी चाके. चिखल, वाळू, दगड, उतार, कोठेही जावे अशी तिची रचना. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत तिची तीन चाकांची आवृत्ती विक्रीस आणली. चार चाकांची गाडी सुझुकीने १९८२ साली आणली. बर्फ लोटण्याचे पाते मात्र मोटारीहून जुने आहे. मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांच्या गाडीला असे पाते जोडून रस्ते मोकळे केले गेले. म्हणजे यंत्र नवे असले तरी प्रश्न जुनाच: ओढणारा किंवा ढकलणारा एक, पाते दुसरे, आणि दोघांच्या खाली जमीन.

आमच्याकडे कोठेही जाणारी गाडी म्हणजे बैल. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला; पण त्या आधीपासूनच या मुलखाचे जमिनीने भाग पाडले होते. पश्चिमेला वरोरा-चिमूरकडे काळी, कपाशी-ज्वारीची जमीन. तेथे नांगरापेक्षा वखराचे राज्य. जाड लाकडी खोड, त्याला दोन जानोळी, आणि जानोळ्यांच्या टोकांना आडवी बसविलेली लोखंडी पास. ही पास जमिनीखाली चार बोटे सरकत जाते, तण मुळाशी कापते आणि वरचा थर भुसभुशीत करून ठेवते. पूर्वेला सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे धानाचा मुलूख. तेथे बांधीत पाणी साठवून चिखल करायचा, त्यावरून लाकडी पाटा फिरवून तो सारखा करायचा आणि मग परे रोवायचे. आणखी पुढे, भामरागडच्या डोंगरात माडिया लोकांची जुनी पेंडा शेती. झाडोरा तोडून जाळायचा आणि राखेत बी टाकायचे. तेथे नांगर नाही, बैल नाही, पातेही नाही. उतारावरची पातळ माती उकरली तर पहिल्याच पावसात वाहून जाईल. काहीच न जोडणे हीसुद्धा एक निवडच होय.

आता ती गोठ्यावरची पास. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आजोबांची जुनी पास पाजवून पाजवून पट्टीसारखी अरुंद झाली होती. आठवडी बाजारात त्यांना नवी पास दिसली. जुन्या पासेहून चांगली वीतभर लांब, जाड, निळसर चमकणारी. विकणारा म्हणाला, "बुवा, चार तासांचे काम तीन तासांत होते." आजोबांनी घरी येऊन आमच्या लोहाराला ती दाखविली व विचारले, "मोठीच बरी ना?" लोहाराने पास उलटसुलट करून पाहिली. पासेविषयी तो काहीच बोलला नाही. त्याने गोठ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "खांदा कोणाचा?"

आजोबांना तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. रोहिणी नक्षत्र लागले होते. दुसऱ्या दिवशी वखर जुंपला. पास लांब असल्यामुळे जमिनीत नीट शिरेना, वरचेवर उचलली जाई. म्हणून वजनासाठी मला खोडावर बसविले. आमच्याकडे असे पोराला किंवा दगडाला वखरावर बसवितात. मला तर ती जत्रेतली गाडीच वाटली. दोन दिवस मी मजेत बसलो. तिसऱ्या दिवशी उजव्या अंगाच्या ढवळ्याने तासाच्या मध्येच मान टाकली. जू उतरविले तो खांद्याचे कातडे सोलून निघालेले. आजीने हळद-तेल लावले, पण सूज उतरेना. मृगाचा पाऊस त्या वर्षी अगदी वेळेवर आला. गावात ज्याची त्याची पेरणी; दुसऱ्याची जोडी मिळणार कोठून? आमची ज्वारी पंधरा दिवस उशिरा पडली आणि निम्मीच आली. दिवाळीनंतर ढवळ्या विकला गेला. आजोबांनी ती पास खोडावरून काढली आणि दारावर टांगली. मला कोणी काही बोलले नाही. परंतु त्या ओझ्यात माझाही वाटा होता, हे मला त्या वयातही समजत होते.

पुढे मास्तरकी करताना इतिहास वाचू लागलो, तेव्हा दिसले की लोहाराचा तो प्रश्न मोठमोठ्यांना चुकला होता. गेल्याच्या मागच्या शतकात इंग्रज सरकारने विलायती धर्तीचे जड लोखंडी नांगर आपल्या शेतकऱ्यांपुढे ठेवले. शेतकरी ते घेईनात, तेव्हा त्यांना अडाणी ठरविले गेले. १८८९ साली डॉ. जॉन व्होल्कर नावाचे कृषिरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. देश हिंडून त्यांनी १८९३ साली अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात इथल्या शेतकऱ्याची बाजू घेतली. लहान चणीचे बैल, हलके अवजार, गावातच होणारी दुरुस्ती यांचा मेळ त्यांना दिसला होता.

याचा अर्थ जुने तेच सोने असा मात्र नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जॉन डीर या लोहाराने १८३७ साली गुळगुळीत पोलादी पात्याचा नांगर केला. तिथली चिकट माती ओतीव लोखंडाच्या फाळाला धरून बसे व दर काही पावलांवर खरवडावी लागे. पोलादावरून ती घसरून जाऊ लागली. जमीन ओळखून पाते बदलले, म्हणून ते टिकले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती आणि गिऱ्हाईक मिळेना. त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला.

आमच्या जिल्ह्याने तर हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरविला. सिंदेवाहीजवळच्या लोहारा येथील टेकडीत उत्तम लोहखनिज आहे. जुने कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत कोळसा फुंकून लोखंड गाळीत, आणि त्यातून विळे, कुऱ्हाडी, फाळ होत. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांद्याच्या लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. त्यांना वाटले, लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याच्या खाणीचा कोळसा यांची जोडी जमेल. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, आणि सरकारच्या अटीही जाचक होत्या. १९०४ साली वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ आमच्या रानात बैलगाडीने हिंडले. तेही निराश झाले. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. कारखाना मात्र दूर साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला. लोहाऱ्याचे खनिज वाईट नव्हते. त्याला ओढणारा खांदा जवळ नव्हता.

तेव्हा मी भाच्याला उत्तर लिहिण्याआधी प्रश्न विचारले. गाडीची रुंदी किती? अठ्ठेचाळीस इंच. वाट कशाची? खडीची, आणि शेवटी थोडा चढ. एवढी घाई कशासाठी? त्याची पत्नी इस्पितळात परिचारिका आहे. पहाटे पाचला तिची गाडी रस्त्याला लागलीच पाहिजे.

मग आम्ही दोघांनी हिशेब केला. बर्फ बाजूला पडावा म्हणून पाते तिरपे धरावे लागते. साठ इंची पाते तीस अंशांनी तिरपे केले तर सुमारे बावन्न इंच वाट साफ होते. चाकांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच शिल्लक राहतात. म्हणजे ते पुरते. बहात्तर इंची पाते बासष्ट इंच वाट काढील खरे. पण ओल्या, जड बर्फात तेवढे ओझे चढावर लोटताना चाके जागच्या जागी फिरतील. खडीसाठी पात्याखाली बसणाऱ्या लोखंडी वाहाणा थोड्या उतरवून घ्याव्यात, नाही तर बर्फाबरोबर वाटही गोळा होईल. पाते स्प्रिंगवर डुलणारे असावे. बर्फाखाली दगड लागला तर त्याने मान वाकवावी, गाडीची मोडू नये. पात्याचा जोर पुढच्या नाजूक भागावर न येता मधल्या सांगाड्यावर यावा. आणि चाके घसरू नयेत म्हणून साखळ्या बांधून मागे थोडे वजन ठेवावे. हे शेवटचे वाचून मी त्याला लिहिले, "वजन वाळूच्या पोत्याचे ठेव. पोराला बसवू नकोस."

त्याने साठ इंची पाते घेतले. जानेवारीत एका पहाटेचे चित्र त्याने पाठविले. दोन्हीकडे कमरेएवढा बर्फ, मधून खडीची काळी वाट, आणि वाटेच्या टोकाला रस्त्याकडे वळणाऱ्या मोटारीचे तांबडे दिवे. खाली लिहिले होते, "मामा, खांदा शाबूत आहे."

आमची ती पास अजून दारावरच आहे. दसऱ्याला अवजारांची पूजा होते तेव्हा आई तिलाही हळदकुंकू लावते. यंदा मुलाने मला विचारले, "बाबा, ही एवढी मोठी पास कुणी वापरत का नाही?" मी त्याला खाली बसविले आणि ढवळ्याची गोष्ट सांगितली.