लेस्टरचे सव्वासात गुंठे

परिसंस्थेचा धडा आला की आपण बहुधा जंगलाकडे बोट दाखवतो. इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या उपनगरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ साली ते बोट स्वतःच्या अंगणाकडे वळवले. साध्या घराभोवती ७४१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात गुंठ्यांची बाग. हिरवळ, फुलांचे ताटवे, भाजीचे वाफे, फळझाडे, लहानसे तळे. रान माजू दिलेले नव्हते. कीटकनाशक मात्र वापरायचे नाही. ('पर्माकल्चर' या शब्दाचे पहिले पुस्तक ऑस्ट्रेलियात मॉलिसन व होल्मग्रेन यांनी १९७८ साली काढले. बाईंच्या नोंदी त्याआधी सहा वर्षे सुरू झाल्या होत्या.)

नोंदींसाठी त्यांनी मॅलेझ सापळा उभारला. हा जाळीचा तंबूच असतो. उडता कीटक आडव्या जाळीला अडला की उजेडाकडे, वर चढतो आणि टोकाच्या बाटलीत पडतो. मग ओळखण्याचे किचकट काम. ते ३० वर्षे चालले!

२००१ अखेर यादीत २,६७३ जाती होत्या : ४७४ वनस्पती, १,९९७ कीटक, १३८ इतर अपृष्ठवंशी, ६४ पृष्ठवंशी. परजीवी इक्न्युमन गांधीलमाश्यांच्या ४ जाती तर विज्ञानालाच नवीन निघाल्या.

हवेत एका जागी तरंगणाऱ्या होवरफ्लाय माश्यांच्या ९४ जाती सापडल्या. हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. या माश्या मध व परागकण खातात आणि परागण करतात. त्यांतल्या अनेकींच्या अळ्या मात्र मावा खाऊन वाढतात. म्हणजे बागेत फुले हवीत, तसाच थोडा मावाही हवा. मावा दिसताच फवारणी करणारा माळी आपलेच परागक उपाशी मारतो. परदेशी झाडे निरुपयोगी, हा समजही येथे टिकला नाही. बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांवरही स्थानिक पतंगांच्या अळ्या पोसत होत्या.

या काळात मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे बाईंचे हिंडणेफिरणे कमी होत गेले. नोंदी थांबल्या नाहीत. त्या ३० वर्षांचे पुस्तक २०१० साली निघाले. त्यात आणखी एक गोष्ट उमटली आहे. बाग तीच, निगा तीच, तरी काही कीटकगटांची संख्या घटत गेली. कुंपणापलीकडे काय बदलत होते, हे कुंपणाच्या आतल्या वहीत दिसत होते.