दीड हजार मतांचें मोल

निवडणुकीचा इतिहास बहुधा जिंकणाऱ्यांच्या नांवांनीं सांगितला जातो. कोणास किती मतें पडलीं, कोण मंत्री झाला, कोण घरीं बसला, एवढें सांगून झालें कीं कथा संपली असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु मत देणाराच्या बाजूनें पाहूं गेल्यास तोच इतिहास निराळा दिसूं लागतो. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस एकमेकांस लागून असलेल्या जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांत २०२४ सालीं विधानसभेच्या ज्या निवडणुका झाल्या, त्या ह्या दृष्टीनें पाहण्याजोग्या आहेत.

जुन्नर हें पुरातन नगर. नाणेघाटानें कोंकणांत उतरणारी व्यापाराची वाट सातवाहनांच्या काळीं ह्याच नगराशीं येऊन मिळत असे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद ह्यानें आपला कारभार प्रथम येथूनच चालविला. १६३० सालीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढें मोगलांचा अंमल झाला, पेशव्यांचा झाला आणि १८१८ सालीं इंग्रजांचा झाला. राज्यें इतक्या वेळां पालटलीं. पण कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांच्या कांठीं नांगर धरणाऱ्या कुणब्याला किंवा सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या महादेव कोळ्याला, तुला कोणाचा अंमल हवा, असें कोणीं पुसलें नाहीं.

तो प्रश्न पुसला गेला तोही प्रथम अर्धामुर्धाच. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या. १७५ पैकीं ८६ जागा काँग्रेसनें मिळविल्या व बाळासाहेब खेर ह्यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्या निवडणुकीचा गाजावाजा मोठा झाला. मात्र मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता, कर व शिक्षण ह्यांच्या अटींनीं जखडलेला होता. ज्याच्या नांवावर पुरेशी जमीन नाहीं आणि ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याचें नांव बहुधा यादींत नसे. डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवून आणि रानांतला हिरडा गोळा करून गुजराण करणाऱ्या माणसांना ह्या यादींत शिरण्यास वाट अशी फारशी नव्हतीच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत ही भिंत पडली. एकवीस वर्षें पुरीं केलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळालें. १९८९ सालीं ही वयाची अट अठरावर आली.

मत सर्वांस सारखें मिळालें. पाणी मात्र तसें मिळालें नाहीं. कुकडी प्रकल्पांत ह्या दोन तालुक्यांतच पांच धरणें झालीं. येडगांव, माणिकडोह, वडज व पिंपळगांव जोगे हीं जुन्नरांत, आणि घोड नदीवरील डिंभे हें आंबेगांवांत. त्यांच्या कालव्यांचें पाणी ह्या दोन तालुक्यांच्या पूर्वभागास तर मिळतेंच, शिवाय तें शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व करमाळें येथवर जातें. ह्या पाण्यावर ऊंस वाढला, जुन्नरांत विघ्नहर व आंबेगांवांत भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, मंचर व नारायणगांव ह्या बाजारपेठा भरभराटीस आल्या. परंतु डिंभ्याच्या जलाशयांत एक गांवही बुडालें. तें गांव म्हणजे खुद्द आंबेगांव. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे, आणि ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें तें पाण्याखालीं आहे. वरच्यांनीं जमीन दिली व खालच्यांनीं पाणी घेतलें, ही येथील राजकारणाची मूळ गोष्ट होय.

ह्या पार्श्वभूमीवर २०२४ ची निवडणूक पाहिली पाहिजे. आंबेगांवचे प्रतिनिधि दिलीप वळसे-पाटील हे १९९० पासून अखंड निवडून येत होते. विधानसभेचे अध्यक्षपद व राज्याचें गृहखातें त्यांनीं सांभाळलें होतें. २०१९ सालीं ते ६६ हजारांहून अधिक मतांनीं विजयी झाले. जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगला. वळसे-पाटील अजित पवार ह्यांच्या बाजूस गेले. शरद पवार ह्यांच्या बाजूनें देवदत्त निकम उभे राहिले. हे गृहस्थ परके नव्हते. भीमाशंकर कारखान्याचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें होतें व २०१४ सालीं त्याच अभंग पक्षातर्फें शिरूरची लोकसभेची निवडणूक लढविली होती. म्हणजे हा सामना एकाच घरांतल्या दोन माणसांचा होता. प्रचारांत पुन्हा पाणीच आलें. डिंभे धरणांतून माणिकडोहकडे नियोजिलेल्या बोगद्यामुळें आंबेगांवचा वांटा कमी होईल कीं काय, ही चिंता शेतकऱ्यांच्या तोंडीं होती.

२० नोव्हेंबरला मतदान झालें व २३ ला मोजणी. वळसे-पाटलांस १,०६,८८८ आणि निकमांस १,०५,३६५ मतें पडलीं. अंतर अवघें १,५२३. त्या वेळच्या नियमाप्रमाणें एका मतदान केंद्रावर साधारणतः १,५०० पर्यंत मतदार असत. म्हणजे सबंध मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या यादीएवढ्या मतांनीं ठरला. देवदत्त निकम ह्याच नांवाच्या दुसऱ्या एका उमेदवारास २,९६५ मतें मिळालीं. हीं मतें विजयाच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट होतात. तीं समजून दिलेलीं होतीं कीं नामसादृश्यानें चुकलेलीं, हें आंकडे सांगत नाहींत. पण यंत्रावरचें नांव नीट वाचून बटण दाबणें किती महत्त्वाचें आहे, हें ते खचित सांगतात.

शेजारच्या जुन्नरांत सामना तिहेरी झाला. येथील मतदार पक्षापेक्षां माणूस पाहणारा, असा लौकिक आहे, आणि त्यास आधारही आहे. २०१४ सालीं महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा साऱ्या राज्यांत एकच आमदार निवडून आला, तो जुन्नरचे शरद सोनवणे. २०१९ सालीं ते शिवसेनेतर्फें उभे राहून अतुल बेनके ह्यांच्याकडून पराभूत झाले. २०२४ सालीं तेच सोनवणे अपक्ष म्हणून उभे राहिले व ७३,३५५ मतें घेऊन विजयी झाले. विघ्नहर कारखान्याचे अध्यक्ष सत्यशील शेरकर ह्यांस ६६,६९१ व बेनके ह्यांस ४८,१०० मतें पडलीं. ह्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून पुष्कळ अधिक भरते. आपल्या पद्धतींत निम्म्याहून अधिक मतें मिळविण्याचें बंधन नाहीं. दुसऱ्याच्या पुढें असणें पुरें होतें. पक्ष फुटले, मतें वांटलीं गेलीं, आणि ज्याच्यामागें पक्षच नव्हता तो पुढें निघाला.

दोन्ही निकाल परस्परांहून भिन्न, पण त्यांतून निघणारा अर्थ एकच. अंतर साठ-सत्तर हजारांचें असतें तेव्हां दूरच्या वाडीवरील शेंदोनशें मतें कोणी मोजीत नाहीं. तेंच अंतर दीड हजारांवर आलें कीं आहुपें-भीमाशंकराच्या बाजूचीं डोंगरांतलीं गांवें आणि मंचरची पेठ ह्यांचें वजन सारखें होतें. १९३७ च्या यादींत ज्यांस जागा मिळणें दुरापास्त होतें, त्यांच्या नातवंडांच्या हातीं आतां निकाल फिरविण्याची शक्ति आहे. धरणाचें पाणी उतारानें खालीं जातें. त्याचा वांटा कोणास किती, हें ठरविणाऱ्या सभेंत कोणीं बसावें, हें सांगण्यास मात्र डोंगरावरच्या माणसास खालीं उतरावें लागत नाहीं. त्याच्या वाडीजवळच्या शाळेंतलें मतदान केंद्र त्यास पुरतें.