काशीचा वैद्य आणि मेंदूतलं मुख्यालय

आजचा भाग वाराणसीहून. सकाळी दुर्गाघाटाकडच्या गल्ल्यांतून, म्हणजे आपल्या मराठी घराण्यांच्या जुन्या वस्तीतून फिरून आलो. बरोबरच्यांनी कचोरी-जिलबी खाल्ली, मी बघत उभा राहिलो. मधुमेह. निवृत्तीच्या आदल्या वर्षी निघाला.

काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शिकवतोय, अशीच सुश्रुतसंहितेची मांडणी आहे. शस्त्रक्रियेसाठी हा ग्रंथ सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातल्या प्रमेहाच्या प्रकरणाकडे कमीच लोक वळतात. तिथे रोगी दोन प्रकारचे सांगितलेत. एकाचा रोग जन्मजात. तो कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसऱ्याचा अपथ्यातून आलेला. तो स्थूल, खादाड, बसून-झोपून राहणारा. आजच्या टाइप १ आणि टाइप २ वर ही विभागणी जशीच्या तशी चिकटवण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. पण निरीक्षण पक्कं आहे. उपचार तर फौजी माणसाला आवडावा असा. निर्धनाने अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजनं चालावं. योजन आठ मैलांचं धरलं, तर आठशे मैल. काशीहून निघालेला माणूस पुण्याच्या आसपास पोहोचेल! नाहीतर शेत नांगरावं, विहीर खणावी.

कंपनी कमांडर असताना माझंही शास्त्र एवढंच होतं. एका हवालदाराची वजनामुळे मेडिकल कॅटेगरी खाली आली. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, ‘तोंडाला लगाम नाही तुझ्या.’ बिचाऱ्याने सहा महिन्यांत वजन उतरवलं. वर्षभरात ते परत आलं. चोरून खातो, असा शिक्का मी मारून मोकळा झालो.

आता फ्रान्सला जाऊ. १८४९ साली क्लोद बर्नार याने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी सुई टोचली आणि सशाच्या लघवीत साखर उतरली. म्हणजे साखरेच्या कारभारात मेंदूचा हात आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. पण १८८९ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह झाला, १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं, आणि सगळं लक्ष पोटाकडे वळलं. ते योग्यच होतं, इन्सुलिनने लाखो जीव वाचवले. मेंदू मात्र मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला त्यात एक भारतीय नाव मोठं आहे, बाळकृष्ण आनंद. लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांच्या आधी, १९४० मध्ये, हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदराच्या हायपोथॅलॅमसचा मधला भाग निकामी केला, तेव्हा उंदीर बेसुमार लठ्ठ झाले होते. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूच्या तळाशी, कपाळामागे खोलवर असलेला छोटासा भाग. आनंद यांनी येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासोबत त्याच्या बाजूचा भाग निकामी केला. हे उंदीर पुढ्यात अन्न असूनही खाईनात, उपाशी मेले. साल १९५१. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तातली साखर बदलली की या केंद्रांतली विद्युत हालचालही बदलते. मुख्यालय बसल्या जागी रसदीचा हिशेब ठेवत होतं! आज दोन केंद्रांचं हे चित्र फार ढोबळ ठरलंय. चेतापेशींची जाळी आहेत, यकृतातून किती साखर सोडायची याचे हुकूम मज्जातंतूंमधून जातात. पण पाया तोच.

मग १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचा जनुक शोधला. चरबी या संप्रेरकातून मेंदूला कळवते, की साठा किती आहे. वजन उतरलं की लेप्टिन घटतं. मुख्यालय समजतं की दुष्काळ पडला. भूक वाढवतं, इंधनाचा खर्च तोडतं. बहुतेक लठ्ठ माणसांत तर लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच ते नीट ऐकत नाही. हल्ली गाजणारं सेमाग्लुटाइड टोचतात पोटावर, पण त्याने भूक ओसरते ती मुख्यतः मेंदूत.

म्हणून चालणं सोडायचं का? अजिबात नाही. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता उचलतात. सुश्रुताचे आठशे मैल वाया जात नाहीत. मी रोज घाटावरून पाच किलोमीटर चालतोय.

हे सगळं वाचल्यावर गेल्या महिन्यात त्या हवालदाराचा नंबर शोधून फोन केला. शेती करतो, त्यालाही आता गोळ्या चालू आहेत. माफी मागितली. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘साहेब, तेव्हा मी खरंच चोरून खात नव्हतो.’